‘बळाने पांगविणे’ : दोन कलमांची भाषिक चिकित्सा

कायद्याच्या भाषेचे परीक्षण करताना तिच्यात काय म्हटले आहे याइतकेच काय म्हणावयाचे राहून गेले आहे याकडेही लक्ष द्यावे लागते. जमाव पांगविण्यासंबंधीची दोन लगतची कलमे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १२९ व १३० ही ती कलमे होत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यांना १४८ व १४९ हे क्रमांक मिळाले आहेत.

कलम १४८ मध्ये आज्ञेचा कर्ता निश्चित आहे. कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी आणि तो नसल्यास फौजदाराहून खालच्या दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी यांनाच ती देता येते. जमावाचे स्वरूपही सांगितले आहे : तो बेकायदेशीर असावा, अथवा पाच वा अधिक व्यक्तींचा असून त्याच्याकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याचा संभव असावा. आज्ञा मानली नाही, तर तो ‘बळाने’ पांगविता येतो. कोणी, कोणाला व केव्हा या प्रश्नांना येथे उत्तर आहे. ‘किती’ या प्रश्नाला नाही. तृतीयेचा तो एकच शब्द साधन सांगतो, परिमाण सांगत नाही.

कलम १४९ सैन्यदलाविषयी आहे. तेथे मात्र जमाव पांगविण्यास व माणसे ताब्यात घेण्यास पुरेल इतकेच, शक्य तितके कमी बळ वापरावे, शरीरास व मालमत्तेस शक्य तितकी कमी इजा करावी, असे स्पष्ट बजावले आहे. अटक केलेल्या व्यक्तीवरही तिचे पलायन रोखण्यास आवश्यक त्याहून अधिक बंधन घालता येत नाही. मर्यादेचा शब्द संहितेस अपरिचित आहे असे म्हणता येत नाही. पोलिसांची व जमावाची गाठ पडते नेमक्या त्याच स्थळी तो आढळत नाही.

या मौनाचा अर्थ भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावी अधिक उघड होतो. तेथील मिरचीच्या बाजारात हंगामात शेतकरी, हमाल व व्यापारी एकत्र येतात; पाचांची संख्या प्रत्येक ढिगापाशीच ओलांडली जाते. भावावरून वाद पेटला, तर ‘संभव’ ठरविणे अधिकाऱ्याच्या हाती, आणि त्यापुढे बळाचे मापही कलमाच्या शब्दांपुरते त्याच्याच हाती. याच जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. पुढे गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने नवी संहिता संमत केली. क्रमांक बदलले, उणीव तशीच राहिली.

ही उणीव वृत्तांताची भाषा आपल्या परीने भरून काढते. ‘सौम्य लाठीमार’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. वस्तुतः ‘मार’ या नामात इजेचा अर्थ अंगभूत आहे. ‘सौम्य’ हे विशेषण त्याला मर्यादा घालीत नाही, केवळ ऐकणाऱ्याचे समाधान करते. कायद्यात जे क्रियाविशेषण आधी हवे होते, ते वृत्तांतात घटनेनंतर विशेषण होऊन येते.

न्यायालये मर्यादेचे तत्त्व मानतातच, तेव्हा कलमात ते नसल्याने काय बिघडते, असा आक्षेप संभवतो. २०१६ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अतिरिक्त बळाचा वापर हे नागरिकाच्या मूलभूत हक्काचे उल्लंघन ठरविले, हे खरे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने तक्रार प्राधिकरणाचीही तरतूद झाली. परंतु निर्णय व तक्रार दोन्ही इजेनंतरच्या गोष्टी होत. शिपायाला घडविते ते प्रशिक्षण आधीचे असते. जालन्यातही पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील शिकाऊ शिपायास लाठी कशी धरावी हे कवायत शिकवील, पण ती कोठे थांबवावी हे ज्या वाक्याच्या आधारे शिकवावयाचे, ते त्याच्या अधिकाराच्या कलमातच नाही.

उपायासाठी नवी परिभाषा घडविण्याचे कारण नाही. सैनिकास जे वाक्य लागू आहे, तेच एक कलम अलीकडे आणून पोलिसासही लागू करावे. ज्याच्या हाती अधिक संहारक शस्त्र, त्याला संयमाची आज्ञा, आणि जो गावकऱ्यांच्या नित्य समोर उभा, त्याला नाही, ही विसंगती कोणत्याही भाष्याने मिटणारी नाही. ती मूळ वाक्यातच मिटविली पाहिजे.