खनिज तेलाची अजैविक उत्पत्ती : थॉमस गोल्ड यांच्या मांडणीची चिकित्सा

प्रास्ताविक :
सागरी सूक्ष्मजीव व शैवाले यांचे अवशेष गाळाच्या खडकांत गाडले जाऊन उष्णतेमुळे त्यांचे खनिज तेल बनते, हे भूविज्ञानातील सर्वमान्य मत होय. रशियात मेंडेलीव्ह (१८७७) आणि कुद्र्यावत्सेव्ह (१९५१) यांनी अजैविक उत्पत्तीचे मत मांडले. पाश्चात्त्य जगात ते थॉमस गोल्ड यांनी हिरिरीने पुढे नेले. 'द डीप हॉट बायोस्फिअर' (१९९९) हा त्यांचा ग्रंथ या विचाराचे परिणत रूप होय. प्रस्तुत लेखात त्यातील युक्तिवादाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
गोल्ड यांच्या मते पृथ्वीच्या जन्मापासून प्रावरणात असलेली हायड्रोकार्बन संयुगे सतत वर झिरपतात. तेलात आढळणाऱ्या जैविक खुणा या त्यावर जगणाऱ्या भूगर्भातील जीवाणूंच्या आहेत. प्रतिपक्षाचा पुरावाच आपल्या बाजूस वळविणारा हा युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु तो सर्व खुणांना लागू पडत नाही. आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ मध्ये तेलातील पॉर्फिरिन संयुगांचे हरितद्रव्याशी असलेले नाते दाखविले. ओलिअनेन हे संयुग सपुष्प वनस्पतींपासून येते व मुख्यतः क्रिटेशियस आणि त्यानंतरच्या काळातील स्रोतखडकांच्या तेलात आढळते. सूर्यप्रकाशाविना जगणाऱ्या जीवाणूंच्या साहाय्याने हा कालक्रम उलगडत नाही.

स्वीडनमधील सिल्यान येथील उल्कापाती विवरात ग्रॅनाइट भेदून १९८६ पासून साडेसहा किलोमीटरहून अधिक खोल वेधन झाले. हाती आलेले सुमारे ८० पिंप तेलकट द्रव्य वेधनात वापरलेल्या डिझेलपासून आले असावे, असा आक्षेप घेतला गेला. व्यापारी साठा मिळालाच नाही. व्हिएतनामच्या बाख हो क्षेत्रात ग्रॅनाइटमधून तेल निघते, हा दाखलाही निर्णायक नाही. लगतच्या गाळाच्या खडकांतून ते भेगांत शिरू शकते. तेल कोठे सापडते आणि कोठे निर्माण होते, हे दोन भिन्न प्रश्न आहेत.

निष्कर्ष :
गोल्ड यांचे श्रेय मात्र नाकारता येत नाही. भूगर्भातील खोल जीवसृष्टीचे अस्तित्व पुढील संशोधनाने दृढ झाले. कॅनडातील किड क्रीक खाणीत अजैविक मिथेनही आढळला (२००२). तथापि अल्प वायूच्या आधारे तेलसाठे अक्षय मानणे तर्कदुष्ट ठरते. साठे आपोआप भरून येतात या समजुतीवर ऊर्जाधोरण उभारणे धोक्याचे आहे. म्हणूनच हा ग्रंथ अध्यापनात सिद्ध सत्य म्हणून न मांडता गृहीतकाच्या कसोटीचे उदाहरण म्हणून अभ्यासला जाणे उचित ठरेल.