हृषीकेश मुखर्जी : संकलकाचा कान आणि दिग्दर्शकाचा पडदा

हृषीकेश मुखर्जी यांच्या चित्रपटांवरील बहुतेक लेखन मध्यमवर्गीय घर, निर्मळ विनोद आणि माणसाच्या चांगुलपणावरील श्रद्धा या तीन गोष्टींभोवती फिरत राहते. मात्र ज्या कारागिरीच्या बळावर ही श्रद्धा भाबडी न वाटता खरी वाटते, त्या संकलनाकडे, म्हणजे चित्रित झालेल्या तुकड्यांतून हवे ते निवडून त्यांचा क्रम, लांबी आणि त्यांवरील ध्वनी ठरवण्याच्या कलेकडे, समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. मुखर्जी मुळात संकलक होते आणि दिग्दर्शक झाल्यावरही त्यांनी चित्रपटाचा विचार संकलकाप्रमाणेच केला, विशेषतः ध्वनीच्या बाबतीत.

कोलकात्यात १९२२ साली जन्मलेल्या मुखर्जींनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे न्यू थिएटर्समध्ये सुबोध मित्र यांच्या हाताखाली संकलनाचे धडे गिरवले. दिग्दर्शक बिमल रॉय यांच्यासोबत मुंबईत आल्यावर ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटाची पटकथा आणि संकलन अशी दोन्ही कामे त्यांनी केली, ही बाब त्यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कारण जो माणूस प्रसंग लिहितो आणि तोच पुढे तो कापायला बसतो, त्याला कोणते वाक्य पडद्यावर टिकणार नाही हे लिहितानाच कळू लागते. ‘मधुमती’ (१९५८) या चित्रपटाच्या संकलनासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तोपर्यंत ते दिग्दर्शकही झाले होते.

‘मुसाफिर’ (१९५७) हा त्यांचा पहिला चित्रपट एकाच घरात एकामागून एक राहून गेलेल्या तीन भाडेकरू कुटुंबांची कथा सांगतो. धंद्याच्या दृष्टीने तो अपयशी ठरला, आणि त्याचे तीन भाग एकमेकांत पुरेसे मुरत नाहीत हेही खरे. तरीही पहिल्या दोन कथांत नुसते ऐकू येणारे व्हायोलिन तिसऱ्या कथेत दिलीपकुमारच्या रूपाने माणूस होऊन समोर येते, तेव्हा वेगवेगळी आयुष्ये सुरांनी जोडणारा संकलक स्पष्ट दिसतो.

हाच कान पुढे अधिक सूक्ष्म झाला. ‘अभिमान’ (१९७३) मध्ये स्वागतसमारंभात नवविवाहित गायक जोडपे गात असताना डेव्हिड यांनी साकारलेला जाणकार शेजारच्या माणसाला हलक्या आवाजात सांगतो की पत्नी पतीपेक्षा अधिक गुणी आहे, आणि त्यातून पुढे काय ओढवेल याची काळजीही व्यक्त करतो. यासाठी वेगळा प्रसंग रचलेला नाही; गाणे चालूच राहते, चित्र क्षणभर श्रोत्यांकडे वळते, आणि चित्रपटाची सारी शोकात्म घडण त्या छेदात, म्हणजे मुख्य क्रियेच्या मध्ये घातलेल्या दुय्यम दृश्यात, पेरली जाते. या चित्रपटाचे, तसेच ‘अनुराधा’ (१९६०) आणि ‘अनुपमा’ (१९६६) यांचेही संकलन मुखर्जींनी स्वतः केलेले नसून दास धायमाडे यांनी केले आहे, त्यामुळे त्यांच्या कामाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु असा छेद मुळात लिहिलेला आणि चित्रित केलेला असावा लागतो, आणि ते काम दिग्दर्शकाचे असते.

‘आनंद’ (१९७१) मात्र त्यांनी स्वतः संकलित केला आणि त्यासाठीही त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. शेवटच्या प्रसंगात मरणोन्मुख आनंदजवळच्या टेपरेकॉर्डरवर त्याचा डॉक्टर मित्र भास्कर याच्या आवाजातील कविता संपते, आनंदचा प्राण जातो, आणि फीत तशीच फिरत राहते. औषध घेऊन परतलेला भास्कर मृत मित्रावर संतापतो, त्याने बोलावे म्हणून विनवतो. तेवढ्यात फितीवर आधीच मुद्रित झालेला आनंदचा आवाज घुमतो. दोन ध्वनिमुद्रणांमधली ही रिकामी फीत किती वेळ चालू द्यायची, यावर सारा प्रसंग तोललेला आहे. ती थोडी आखूड झाली असती तर आवाज नुसती युक्ती ठरला असता, आणि लांबली असती तर विलापाला नाटकीपणा आला असता. हिंदी चित्रपटात मौनाची लांबी इतक्या अचूकपणे मोजल्याची उदाहरणे थोडी आहेत.

संकलनातून दिग्दर्शनाकडे आलेल्या डेव्हिड लीन यांच्या विस्तीर्ण दृश्यांची भव्यता मुखर्जींकडे नाही. त्यांचा कॅमेरा बहुधा दिवाणखान्यातच रमतो, आणि दृश्यरचनेबाबतची ही उदासीनता त्यांची खरी मर्यादा होय. ‘गोलमाल’ (१९७९) मध्ये संवादांची अचूक लय ही उणीव झाकून टाकते. ‘झूठ बोले कौआ काटे’ (१९९८) या अखेरच्या चित्रपटात मात्र तसे घडत नाही, कारण तिथे बोलणे अखंड चालते आणि संकलकाच्या हाती थांबण्यासाठी जागाच उरत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकून दिग्दर्शनाकडे वळलेले राजकुमार हिरानी हे या परंपरेचे आजचे ठळक नाव. हसू आणि रडू यांची सांधेजोड त्यांनाही उत्तम साधते. परंतु ‘आनंद’मधली रिकामी फीत जसे प्रेक्षकाला त्याच्या दुःखासोबत एकटे सोडते, तसे हिरानी क्वचितच सोडतात आणि पार्श्वसंगीताने ती जागा भरून काढतात.