सत्यम् प्रकरण आणि ‘अल्पसंख्य’ भागधारक : एक चिकित्सा

प्रस्तावना

कंपनी सुशासनाच्या चर्चेत ‘अल्पसंख्य भागधारक’ ही संज्ञा बहुधा संख्यावाचक अर्थाने वापरली जाते. ज्याच्याकडे भाग कमी तो अल्पसंख्य, असा तिचा रूढ अर्थ होय. हैदराबादच्या सत्यम् कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीतील घटनांनी हा अर्थ अपुरा ठरविला. २००८ च्या अखेरीस प्रवर्तक राजू कुटुंबाकडे १० टक्क्यांहूनही कमी भाग होते. उर्वरित ९० टक्क्यांचे धारक मात्र निर्णयप्रक्रियेत अल्पसंख्यच होते.

विरोधाचे स्वरूप

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम्‌च्या संचालक मंडळाने मेटास प्रॉपर्टीज व मेटास इन्फ्रा यांचे सुमारे १६० कोटी डॉलरना अधिग्रहण करण्याचे एकमताने ठरविले. दोन्ही कंपन्या राजू कुटुंबाशी निगडित होत्या. सॉफ्टवेअर कंपनीची गंगाजळी बांधकाम व्यवसायात जाणार होती. तरीही भागधारकांची संमती मंडळाला आवश्यक वाटली नाही. या मंडळात व्यवस्थापनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते, आणि सप्टेंबर २००८ मध्येच कंपनीला सुशासनाचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. गुंतवणूकदारांचा रोष उसळला, न्यूयॉर्कच्या बाजारातील भाव निम्म्याहून अधिक कोसळला आणि काही तासांतच प्रस्ताव मागे घेण्यात आला.

हा प्रसंग भागधारक-लोकशाहीचा विजय मानला जातो. परंतु येथे मतदान झालेच नाही. मोठ्या गुंतवणूक संस्था व्यवस्थापनाला जाब विचारू शकल्या. किरकोळ भागधारकापुढे पडत्या भावात भाग विकणे एवढाच मार्ग होता. शिवाय विरोधकांना खरे संकट ठाऊक नव्हते. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा मेटास व्यवहार हा अखेरचा प्रयत्न होता, असेही त्यात नमूद होते. २०११ मध्ये अमेरिकेतील सामूहिक दावा १२.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. भारतीय भागधारकांसाठी १९५६ च्या कंपनी कायद्यात अशा दाव्याची तरतूद नव्हती.

कायद्याची मर्यादा

२०१३ च्या कंपनी कायद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. कलम १८८ ने विशिष्ट मर्यादेपलीकडील संबंधित-पक्ष व्यवहारांवरील ठरावात हितसंबंधी सदस्यांना मतदान करण्यास मनाई केली. कलम २४५ ने सामूहिक दाव्याचा हक्क दिला. ते २०१६ मध्ये अमलात आले. मात्र कलम १५१ मधील लहान भागधारकांचा संचालक ऐच्छिकच राहिला. त्याच्या निवडीसाठी किमान १,००० लहान भागधारकांची किंवा त्यांच्या एकूण संख्येच्या एकदशांशांची, यांपैकी कमी असेल तितक्यांची, सूचना लागते. गावोगावी विखुरलेल्या, परस्परांना अपरिचित भागधारकांना एवढी जुळवाजुळव कोणी करून द्यावयाची, याचे उत्तर कायदा देत नाही.

निष्कर्ष

सत्यम्‌मधील भागधारक भागांच्या संख्येने नव्हे, तर माहितीच्या अभावाने अल्पसंख्य होते. म्हणून सुशासनाची कसोटी मतदानाच्या हक्कापाशी संपत नाही. मूल्यांकनाचा अहवाल निर्णयापूर्वी भागधारकांपुढे येतो काय आणि स्वतंत्र संचालकांना आपल्या संमतीची कारणे लेखी द्यावी लागतात काय, हे तपासणे अगत्याचे आहे. अन्यथा मताचा हक्क मिळूनही भागधारक अंधारातच मत देत राहील.