आत्याबाईंचे रागावणे

शहापुरात मराठी, कानडी आणि कोकणी या तिन्ही भाषा एका गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात नांदत आल्या आहेत. येथल्या कानडी घरात बापाची बहीण ती ‘अत्ते’ आणि नवऱ्याची आई तीही ‘अत्ते’. कितीएक मराठी घरांतूनही सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणते. कोकण-गोव्याकडे बापाच्या बहिणीला मावळण असे निराळे नाव आहे खरे, परंतु भावाची लेक सून म्हणून मागावयाची ही चाल तिकडेही अपरिचित नाही. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात या विवाहपद्धतीची सविस्तर चर्चा केली आहे. त्या शास्त्रात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. ज्या मुलखात एका शब्दाच्या पोटात दोन नाती राहतात, तेथील आत्या आणि भाची यांच्यामधला जिव्हाळा आपल्या साहित्याने कितपत ओळखला, एवढेच आम्ही पाहू इच्छितो.

हा विचार मनात आला तो एका घरगुती आठवणीमुळे. शहापुरातील आमच्या परिचयाच्या एका घरी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली एक आत्या होती. सोवळेओवळे कडक, जीभ त्याहून कडक. भाची नाटकाच्या तालमींना जाई आणि रात्री उशिरा सायकल हातात धरून बोळातून परते. ती उंबऱ्यावर येते न येते तोच ओसरीवरून आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. कुळाचा उद्धार होई, शेजारीपाजारी जागे होत. त्या म्हातारीस आम्ही पुष्कळ दिवस मुलीची वैरीण समजत होतो. पुढे केव्हातरी ध्यानात आले की, मुलीचे वडील आणि काका आतल्या खोलीत जागेच असत, आणि आत्याबाईंचे बोलणे संपेपर्यंत त्यांना बोलावयास काही शिल्लकच उरत नसे. ते कूस बदलून झोपी जात. चुलीपाशी भात झाकून ठेवलेला असे. भाचीची तालीम एक दिवसही बुडाली नाही.

हे रागावणे म्हणजे ढाल होती. जिला स्वतःला कधी कुणी ढाल दिली नाही, तिला दुसरी कोणती भाषा येणार? परंतु आपल्या बहुतेक लेखकांनी वडीलधाऱ्या बाईचे शब्द तेवढे टिपून घेतले आणि तिला कथानकातील अडथळा करून टाकले.

‘कुंकू’ या १९३७ सालच्या प्रभातच्या बोलपटाचे उदाहरण घ्या. व्ही. शांताराम यांनी नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो काढला. मामाने पैसे घेऊन म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्नच मानावयाचे नाकारते. शांता आपटे यांनी रंगविलेली ही मुलगी आजही निस्तेज वाटत नाही. परंतु चित्रपटाची सारी करुणा कोणाच्या वाट्याला जाते? काकासाहेबांच्या. आरसा त्यांच्याशी बोलतो, घड्याळ त्यांच्यासाठी थांबते, त्यांच्या मनाचा पालट पायरीपायरीने दाखविला जातो. त्याच घरातील वृद्ध काकू मात्र प्रारंभापासून कजाग ती कजागच. अन्याय करणाऱ्या पुरुषाला अंतःकरण दिले आणि त्या घरात जन्म काढलेल्या बाईला नुसती जीभ दिली, हा त्या थोर चित्रपटातील उणेपणा आहे असे आम्हांस वाटते.

त्याआधी जवळजवळ अर्धशतक हरिभाऊ आपट्यांनी अधिक समंजस दृष्टी दाखविली होती. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीत लिहिण्यावाचण्यास शिकलेली यमुना आपली हकीकत स्वतः सांगते. नात्याने तिची सासू लागणारी, शंकरमामंजींच्या धाकाने दबून गेलेली उमासासूबाई तिच्या दृष्टीस पडते, आणि ती तिला हसत नाही. आपण ज्या वाटेवर आहो त्याच वाटेवर ही बाई आपल्याआधी येऊन चिरडली गेली, एवढे त्या तरुण मुलीला उमगते. या ठिकाणी समजून घेण्याचे काम धाकटीने केले आहे. वडील बाईचा आशीर्वाद मिळून सर्व गोड झाले, असा शेवट करणाऱ्या आजच्या मालिकांनी एवढे जरी उचलले असते तरी पुष्कळ झाले असते.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त तर आत्या आणि भाची प्रत्यक्षच समोरासमोर आहेत. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील प्रभेला शिकावयाचे होते. वडिलांनी शिकू दिले नाही. तिची पुतणी रंजू (बापाच्या बहिणीला ती भाचीच) सिनेमाच्या नादात मास्तरबरोबर मुंबईस पळून जाते आणि घरचे सोनेही नेते. एकीला दार उघडलेच नाही. दुसरी दार ढकलून गेली ती फसली. या दोन दुःखांना नाटककाराने एका छपराखाली ठेवले आणि त्यांचे हात मात्र एकमेकांच्या हाती दिले नाहीत. काही वाचकांना हा कोरडेपणा वाटतो. आम्हांस तो प्रामाणिकपणा वाटतो. जिला स्वतःचेच आयुष्य मिळाले नाही, तिने दुसरीच्या मोकळेपणावर माया करावी ही अपेक्षा सोपी नाही. शहापुरातील त्या आत्याबाईंनी ते साधले म्हणून ते सर्वांनाच साधावे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आत्याचा स्वतःचा आवाज ऐकावयाचा तर छापील पुस्तकांच्या मागे, जात्यापाशी जावे लागते. बेळगावच्या इंदिरा संतांनी ‘मालनगाथे’त या ओव्यांतील स्त्रीला जिव्हाळ्याने न्याहाळले, हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या संग्रहात तर लाखाच्या घरात ओव्या जमा झाल्या. गाणारी कधी बहीण असते, कधी आत्या. भावाकडे ती त्याची लेक मागते. त्या मागणीत भाचीवरचे प्रेम आहे, माहेरचा धागा तुटू नये ही धडपड आहे, आणि त्या मुलीला आपल्याच उंबऱ्याच्या आत आणण्याचा हट्टही आहे. माया आणि बेडी एकाच हाताने घडविली जाते, हे ती दळणारी बाई लपवीत नाही. ओवीत बोलणारी स्वतःच आत्या आहे; तिच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलावे लागत नाही.

आमच्या त्या आत्याबाईंना गाता येत नव्हते. विधवेने रंगीत नेसू नये या धाकात जन्म गेला, तरी भाचीच्या पहिल्या प्रयोगाच्या आधी शहापूरच्याच एका विणकराकडून त्यांनी तिच्यासाठी लाल काठांचे लुगडे आणविले होते. ते हातात देतानाही त्या रागावतच होत्या. भाची तेच नेसून रंगमंचावर गेली. आत्याबाई प्रयोगास आल्या नाहीत. रात्री दाराची कडी मात्र त्यांनीच काढली.