एक वस्तू, अनेक नावे : लिनक्समधील पॅकेज-व्यवस्थेच्या सुलभीकरणाचा विचार

लिनक्स ही एक संगणकप्रणाली आहे असे व्यवहारात म्हटले जाते. वस्तुतः लिनक्स हा केवळ गाभा होय; त्याभोवती उभारलेल्या प्रणाली अनेक असून त्यांना वितरणे म्हणतात. डेबियन हे वितरण १९९३ साली सुरू झाले. रेड हॅटची आरपीएम ही पॅकेज-पद्धती १९९५ साली आली. एकाच सॉफ्टवेअरची निरनिराळ्या वितरणांसाठी निरनिराळी पॅकेजे बांधण्याची प्रथा तेव्हापासून रूढ झाली. हा पसारा सुलभ करण्याचे प्रयत्नही तितकेच जुने आहेत. तथापि त्यांपैकी बहुतेकांनी अडचण पॅकेजाच्या वेष्टनात शोधली. ती मुख्यतः नामकरणात आहे.

मराठी वाचकास जवळचे उदाहरण ‘लोहित’ या अक्षरसंचाचे. रेड हॅटने २००४ साली खुला केलेला हा संच अनेक वितरणांत मिळतो. डेबियनमध्ये त्याचे नाव ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’, तर फेडोरामध्ये ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’. एका ठिकाणी जातिवाचक शब्द आरंभी येतो, दुसऱ्या ठिकाणी अखेरीस. एका ठिकाणी लिपीचे नाव संक्षिप्त, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण. दोन्ही नावे आपापल्या व्याकरणास धरून आहेत. अशुद्ध कोणतेच नाही. परंतु एका पॅकेजास दुसरे कोणते लागते, हे याच नावांनी नोंदलेले असते. म्हणून एका वितरणाचे पॅकेज दुसरीकडे नेले, तर त्यास हवी असलेली वस्तू तेथे हजर असूनही ती नाही असेच ठरते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे सुलभीकरणाच्या प्रमुख प्रयत्नांचे गुणदोष स्पष्ट होतात. लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रमाणकाची पहिली आवृत्ती २००१ साली निघाली व तिने आरपीएम हा प्रमाण नमुना ठरविला. डेबियनपाशी ‘एलियन’ हे रूपांतराचे साधन होते. पण त्याने वेष्टन बदलते, आतील नावांचे भाषांतर होत नाही. पुढे २०१५ साली डेबियनने या प्रमाणकाचा बहुतांश भाग सोडून दिला. २००७ साली आलेल्या पॅकेजकिटने सर्व वितरणांना एकच आज्ञापद्धती दिली. क्रियापद एक झाले. नामे मात्र निराळीच राहिली.

स्नॅप व फ्लॅटपॅक यांनी २०१६ पासून वेगळा मार्ग रूढ केला. येथे प्रत्येक सॉफ्टवेअर आपली शिदोरी बरोबर घेऊन निघते, म्हणून यजमानाच्या कोठारातील नावांशी त्याचा फारसा संबंध येत नाही. निर्मात्याचे श्रम वाचतात, नवी आवृत्ती लवकर मिळते, हे लाभ खरे आहेत. पण शिदोरीचा भार वाहणाऱ्यावरच पडतो. फ्लॅटपॅक काही घटक सामाईक ठेवतो. तरी पहिल्याच वेळी शेकडो मेगाबाइट उतरवावे लागतात. कंधारसारख्या तालुक्याच्या गावी मोबाईलच्या मोजक्या डेटावर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास हा खर्च क्षुल्लक नव्हे. शिवाय सामाईक कोठारातील एखाद्या घटकाचा दोष एकदा सुधारला की तो सर्वांपुरता सुधारतो; शिदोरीत बांधलेला दोष मात्र ज्याचा त्याने काढावा लागतो.

या सर्वांहून कमी गाजलेला, परंतु मूळ प्रश्नास भिडणारा प्रयत्न ॲपस्ट्रीमचा होय. २०११ साली न्यूरेंबर्ग येथे अनेक वितरणांच्या प्रतिनिधींनी त्याचा आरंभ केला. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरास एक स्थिर ओळख मिळते आणि वितरणे आपापले पॅकेज त्या ओळखीशी जोडतात. मराठवाड्यात याचा प्रतिरूप दाखला महसुली दप्तरात सापडतो. हैदराबाद राज्यातील पहाणीपत्रक जाऊन, १९५६ साली हा प्रदेश मुंबई राज्यात आल्यानंतर, सातबारा आला. नोंदीचे नाव व नमुना दोन्ही बदलले. तरी जेथे सर्व्हे नंबर कायम राहिला, तेथे त्या धाग्याने जुनी नोंद शोधता येते. जमिनीची ओळख नोंदीच्या नावावर अवलंबून ठेवली नाही, यातच त्या व्यवस्थेचे शहाणपण आहे.

ॲपस्ट्रीमला मर्यादा आहेत. त्याचा भर वापरणाऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. त्यांच्या पोटातील असंख्य ग्रंथालयांची नावे अद्याप जेथल्या तेथेच आहेत. परंतु मराठीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. सॉफ्टवेअरचे वर्णन त्याच्या मूळ नोंदीतच अनुवादित करता येत असल्याने, मराठीत एकदा लिहिलेले वर्णन ही नोंद वापरणाऱ्या प्रत्येक वितरणात पोहोचू शकते. तेच काम वितरणागणिक पुन्हा करीत बसण्याइतके मनुष्यबळ मराठीपाशी नाही.

सुलभीकरण म्हणजे सर्वांवर एक नाव लादणे नव्हे, आणि प्रत्येकाने आपला संसार पाठीवर वाहणेही नव्हे. बोली अनेक असाव्यात. त्यांतील कोणता शब्द कोणत्या वस्तूचा, हे सांगणारा कोश मात्र सामाईक असावा. तो कोश भरण्याचे काम केवळ अभियंत्यांचे नाही. भाषेच्या अभ्यासकांचाही त्यात वाटा आहे, आणि तो अद्याप फारसा उचलला गेलेला नाही.