विशेषकाचा आश्रय

इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशपरीक्षांस बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ‘मॉडिफायर’ हे प्रकरण हटकून अडविते. मार्गदर्शिका एकच सूत्र सांगतात: विशेषक विशेष्यालगत ठेवावे. सूत्र खोटे नव्हे. परंतु मराठी विद्यार्थ्याची चूक जेथे उगवते तेथवर ते पोहोचतच नाही.

शिरवळहून पुण्याकडे निघालेल्या विद्यार्थ्याने लिहावे असे एक वाक्य कल्पावे: ‘क्रॉसिंग द नीरा, द हिल्स लुक्ट ब्लू.’ इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने येथे डोंगरच नदी ओलांडतात. ‘नीरा ओलांडताना डोंगर निळे दिसले’ हे मराठी वाक्य मात्र निर्दोष आहे. ‘-ताना’ या कृदन्ताचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून भिन्न असू शकतो. ‘मला’ हे पद अध्याहृत राहते. म्हणजे विद्यार्थी निष्काळजी नसतो. तो आपल्या भाषेचा नियम निष्ठेने पाळीत असतो, एवढेच.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘-ऊन’ची. ‘नीरा ओलांडून डोंगर निळे दिसले’ हे वाक्य त्याच विद्यार्थ्याच्या कानाला खटकते. ‘घरी येऊन मला बरे वाटले’ खटकत नाही, कारण येणारा व बरे वाटणारा एकच. इंग्रजीला अभिप्रेत असलेली शिस्त मराठीत अशी आधीपासून नांदते आहे. अध्यापनाचा आरंभ येथून व्हावयास हवा; मार्गदर्शिकांना त्याची वार्ताही दिसत नाही.

विशेषणांचा प्रश्न निराळा. ‘जुन्या शाळेतील शिक्षक’ आणि ‘जुने शाळेतील शिक्षक’ यांत पदक्रम तोच. जुनेपण कोणाचे हे विशेषणाचे रूप सांगते. इंग्रजी विशेषणाला असे रूपान्तर नाही, म्हणून तेथे सारा भार स्थानावर पडतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून मराठीचे व्याकरण रचले. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठीच्या प्रकृतीचा विचार पुष्कळ पुढे गेला. त्या विचाराच्या उजेडात इंग्रजी शिकविण्याचे काम मात्र मार्गदर्शिकाकारांनी हाती घेतलेले नाही.

जीमॅटच्या २०२३ मधील नव्या स्वरूपातून वाक्यशुद्धीचे प्रश्न वगळले गेले, तरी सॅटमध्ये विशेषकाचे स्थान विचारले जातेच. ‘ओन्ली’ कोठे ठेवावा हे विद्यार्थी पाठ करतो. आणि ‘मीच पूल पाहिला’, ‘मी पूलच पाहिला’, ‘मी पूल पाहिलाच’ यांतील भेद तो शाळेत जाण्यापूर्वीपासून जाणत असतो.