विस्मय आणि उत्साह : सुपरहिरोपटांविषयी चित्ररसिकांची सहज मते

प्रास्ताविक

चित्रपट संपल्यावर प्रेक्षक पहिल्या पाच-दहा मिनिटांत जे बोलतो त्याची नोंद आपली समीक्षा घेत नाही. ते बोलणे विस्कळीत असते, त्यात कारणे कमी आणि निकाल अधिक असतात, आणि चित्रपट सुपरहिरोचा असला तर ते बोलणे बालिशच असणार असे आपण गृहीत धरतो. नेरळ-कर्जत परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र ह्याच चित्रपटांवर सर्वाधिक बोलतात. कर्जत लोकलमध्ये, उपाहारगृहात, स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या मधल्या वेळात ही चर्चा चाललेली असते. वर्गात कथनमीमांसेचे प्रश्न विचारल्यावर मान खाली घालणारा विद्यार्थी तिथे मात्र एका चित्रपटाचा खलनायक दुसऱ्यापेक्षा का उणा पडला हे तावातावाने सांगत असतो. ही विसंगती शिक्षकाने दुर्लक्षावी अशी नाही.

प्रस्तुत लेख हे सर्वेक्षण नव्हे. अध्यापन करताना आणि प्रवासात वारंवार कानावर पडणाऱ्या काही मतांचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे. ही मते बहुधा योग्य जाणिवेतून आलेली असतात, परंतु त्यांना चुकीचे नाव मिळालेले असते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. नाव चुकले की निष्कर्षही चुकतो आणि त्याची किंमत शेवटी मराठी चित्रपटाला मोजावी लागते.

'ग्राफिक्स' ह्या शब्दाचा अर्थ

सर्वांत अधिक ऐकू येणारे मत 'ग्राफिक्स भारी होते' हे, आणि त्याच्या खालोखाल 'ग्राफिक्स भारी होते, पण मजा नाही आली' हे. पहिल्या मताविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. दुसरे मत मात्र विचारात घेण्याजोगे आहे, कारण त्यात प्रेक्षक दोन गोष्टी वेगळ्या करतो : डोळ्यांना बसलेला धक्का आणि मनाला मिळालेले समाधान. हा भेद आपल्या काव्यशास्त्राला अपरिचित नाही.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात चार रस मूळचे मानून उरलेल्या चारांची उत्पत्ती त्यांच्यापासून सांगितली आहे. तेथे अद्भुत रस वीर रसापासून निष्पन्न होतो. वीराचा स्थायीभाव उत्साह आणि अद्भुताचा विस्मय. उत्साहाने केलेले कर्म जेव्हा कल्पनेच्या पलीकडे जाते तेव्हा पाहणारा विस्मित होतो, असा हा क्रम लावता येतो. अलीकडील अनेक सुपरहिरोपटांत हा क्रम उलटलेला दिसतो. विस्मयकारक दृश्य आधी ठरते आणि ते घडावे म्हणून पराक्रमाची सोय केली जाते. शहर कोसळते, आकाश दुभंगते, पण त्यामागे कोणाचा निश्चय उभा आहे हे जाणवत नाही. विद्यार्थी 'मजा नाही आली' म्हणतो तेव्हा त्याला हेच म्हणायचे असते. उत्साहावाचून आलेला विस्मय त्याला पुरत नाही.

ह्याची उलट बाजूही तपासून पाहता येते. 1997 ते 2005 ह्या काळात दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका चालली. आज तिशीत असलेली पिढी तिच्यावर वाढली. तिची तांत्रिक बाजू त्या काळाच्या मानानेही बेताचीच होती, आणि आजचा विद्यार्थी ती पाहून हसतो. परंतु त्याचे आईवडील किंवा थोरले भाऊ हसत नाहीत. केवळ स्मरणरंजन म्हणून ही गोष्ट बाजूला सारता येणार नाही. गंगाधर हा भाबडा, चष्मा लावणारा, दात पुढे आलेला छायाचित्रकार आणि शक्तिमान हा योगसाधनेतून शक्ती मिळवलेला रक्षक, ह्या दोघांतील अंतर प्रेक्षकाला पटले होते. ते पटल्यावर पडद्यावरील गरगर फिरणारी आकृती कितीही ओबडधोबड असली तरी चालून गेली.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात असंभवनीय परंतु पटणारे हे संभवनीय परंतु न पटणाऱ्यापेक्षा अधिक ग्राह्य मानले आहे. विंदा करंदीकरांमुळे हा ग्रंथ मराठीत आला आणि आपण तो वर्षानुवर्षे शिकवीत आहोत. मात्र त्याचे उदाहरण म्हणून 'शक्तिमान' किंवा 'मिस्टर इंडिया' वर्गात घेण्याचा संकोच आपल्याला वाटतो. हा संकोच अनाठायी आहे.

'मिस्टर इंडिया' (1987) हे ह्या दृष्टीने विशेष चांगले उदाहरण आहे. शेखर कपूर दिग्दर्शित ह्या चित्रपटाचा नायक अरुण अनाथ मुलांना सांभाळणारा, घरभाडे थकलेला एक सामान्य माणूस आहे. त्याला मिळणारी शक्ती म्हणजे दिसेनासे होण्याची. तिलाही मर्यादा आहे : लाल प्रकाशात तो दिसतो. अदृश्यता ही चित्रीकरणाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त शक्ती, कारण पडद्यावर दाखवायचे ते 'काहीच नाही'. तरीही प्रेक्षक हेलावतो, कारण टीना ह्या चिमुरडीच्या मृत्यूनंतर त्या अदृश्य माणसाच्या मनात काय चालले असेल हे त्याला पुरते दिसत असते.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन स्कॉर्सेसी ह्या ज्येष्ठ अमेरिकन दिग्दर्शकाने मार्व्हलच्या चित्रपटांना सिनेमा मानण्यास नकार देऊन त्यांची तुलना मनोरंजन उद्यानांशी केली आणि जगभर वादळ उठले. आपल्याकडेही चाहत्यांत दोन तट पडले. ह्या वादाला आपल्या परिसरात एक गमतीदार पुरावा आहे. खालापूर तालुक्यात 2013 साली इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले, आणि तेथे चक्क 'मिस्टर इंडिया'वर आधारलेली राइड ठेवण्यात आली. म्हणजे सुपरहिरोपटाचे उद्यान झालेले पाहण्यासाठी आपल्याला अमेरिकेला जाण्याची गरज नव्हती. राइडमध्ये खुर्ची हलते, पडदा धावतो, पोटात गोळा येतो. टीना मात्र तिथे येऊ शकत नाही. स्कॉर्सेसींचा निकाल सरसकट असल्यामुळे तो मान्य करता येत नाही, पण चित्रपटातील नेमका कोणता भाग राइडमध्ये नेता येतो आणि कोणता येत नाही, हा प्रश्न समीक्षेला उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना तो लगेच कळतो.

ह्याच्याशी जोडलेले आणखी एक मत असे की, 'आता कोणी मेला तरी काही वाटत नाही, तो परत येतोच.' लोकी 2018 च्या चित्रपटात मारला गेला आणि 2021 मध्ये त्याच्याच नावाची मालिका आली. 2019 च्या 'एंडगेम'मध्ये आयर्न मॅनच्या मृत्यूवर ज्यांनी अश्रू ढाळले त्यांना 2024 च्या जुलैमध्ये कळले की तोच नट आता खलनायक डॉक्टर डूम म्हणून परतणार आहे. चाहत्यांची कुरकुर योग्यच आहे. अश्वत्थाम्याच्या चिरंजीवित्वाची कथा ऐकत वाढलेल्या समाजाला न मरणे ही शिक्षाही असू शकते हे ठाऊक असते. फुकटचे पुनरुज्जीवन त्याला खटकले नसते तरच नवल.

हनुमान, पीटर पार्कर आणि कर्जत लोकल

'हे सगळे आपल्या पुराणांत आधीच आहे, हनुमान हाच पहिला सुपरहिरो' हे मत विद्यार्थी आणि, खरे सांगायचे तर, प्राध्यापकही तितक्याच उत्साहाने मांडतात. ह्या मताला दाद द्यावी असे त्यात थोडे आहे आणि तपासावे असे बरेच. शक्तीचे विस्मरण झालेल्या हनुमानाला जांबवंताने तिची आठवण करून देणे ही घटना कोणत्याही सुपरहिरोच्या उगमकथेइतकी नाट्यपूर्ण आहे. परंतु सुपरहिरो हा केवळ बलवान पुरुष नव्हे. 1938 मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्या दोन तरुणांचा सुपरमॅन प्रथम छापून आला तेव्हा त्याच्यासोबत क्लार्क केंट हा पत्रकारही आला. दोन नावे, दोन वेष, आणि एकाने दुसऱ्याला लपवणे हे ह्या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण आहे. हनुमानाला नोकरी नाही, घरभाडे नाही, खरे नाव लपवण्याचे कारण नाही. त्याची भक्ती अखंड आहे. सुपरहिरोचे आयुष्य मात्र दुभंगलेले असते, आणि हा दुभंग आधुनिक महानगराने दिलेला आहे.

म्हणूनच विद्यार्थ्यांमध्ये स्पायडरमॅन सर्वाधिक प्रिय असावा ह्याचे आश्चर्य वाटत नाही. नेरळ, भिवपुरी, कर्जत येथून पहाटेची लोकल पकडून कल्याण, ठाणे, दादरकडे जाणारा तरुण दोन आयुष्ये जगतो. घरी तो भातशेती असलेल्या कुटुंबातील मुलगा असतो. कचेरीत किंवा मॉलमध्ये त्याच्या छातीवर इंग्रजी अक्षरांतील नावाची पट्टी असते आणि बोलण्याची ढबही निराळी असते. उशिरा पोहोचणे, दिलेला शब्द न पाळता येणे, घरी खरे कारण न सांगणे, हे पीटर पार्करचे नित्याचे प्रश्न त्याचेही आहेत. विद्यार्थी 'तो रिलेटेबल वाटतो' एवढेच म्हणतात. त्या एका उसन्या शब्दात केवढे समाजशास्त्र दडलेले आहे ह्याची त्यांना कल्पना नसते.

2004 साली स्पायडरमॅनची एक भारतीय आवृत्ती कॉमिकच्या रूपाने निघाली. तिचा नायक पवित्र प्रभाकर हा शिष्यवृत्ती मिळवून खेड्यातून मुंबईत आलेला मुलगा आहे. धोतर आणि कोळ्याचे जाळे ह्यांची जोड पाहून अनेकांनी तिची थट्टा केली. पेहरावापुरती ती योग्यही होती. परंतु खेड्यातून मुंबईला येणे ही गोष्ट मात्र नेमकी सापडली होती. 2023 च्या 'स्पायडरमॅन : ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स' ह्या सचेतपटात पवित्र पुन्हा अवतरला तेव्हा खेडे गळाले होते आणि 'मुंबॅटन' नावाचे झगमगते शहर उरले होते. चाहत्यांनी त्याचे स्वागत केले. 'आपला' नायक जगाच्या पडद्यावर आला ह्याचा आनंद समजण्यासारखा आहे. तथापि त्या आनंदात काय गळाले ह्याची चर्चा झाली नाही.

मराठी मुखवटा

हाच चित्रपट मराठीसह दहा भाषांतून भारतात प्रदर्शित झाला होता. 'एंडगेम'च्या वेळी हिंदी, तमिळ आणि तेलुगू ह्या भाषा होत्या, मराठी नव्हती. ही घटना आपल्या भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची होती. पण 'मराठीत कोण बघणार, ऐकायला विचित्र वाटतं' हे मत तत्काळ उमटते. इथे चाहत्यांशी प्रस्तुत लेखकाचा खरा मतभेद आहे. विचित्र वाटते ते मराठीच्या अंगभूत उणिवेमुळे नव्हे. ह्या प्रकारासाठी आपण बोली घडवली नाही म्हणून ते तसे वाटते, आणि एके काळी ती घडवली होती. इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचा फँटम मराठीत आला तो 'वेताळ' होऊन. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा रात्री फेरी घालणारा गावाचा राखणदार आहे. अज्ञात अनुवादकाने केवळ शब्द बदलला नाही, त्या परक्या मुखवट्यामागे एक ओळखीची श्रद्धा उभी केली. त्याआधीपासून बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांतून झुंजार आणि काळा पहाड हे नायक मराठी वाचकाच्या घराघरांत पोहोचलेले होते. ह्या परंपरेकडे समीक्षेने पाठ फिरवली. मग आजच्या विद्यार्थ्याला ती ठाऊक नाही ह्याचा दोष त्याला कसा द्यावा?

2015 च्या फेब्रुवारीत निखिल महाजन दिग्दर्शित 'बाजी' आला. श्रेयस तळपदेने साकारलेला हा मुखवटाधारी घोडेस्वार म्हणजे मराठी चित्रपटाने ह्या प्रकारात टाकलेले धाडसी पाऊल होते. त्याच्याविषयी आजही विचारले तर उत्तर मिळते, 'प्रयत्न चांगला होता, पण आपल्याकडे बजेट नाही.' हे मत तपासले पाहिजे, कारण ते पुढच्या प्रत्येक प्रयत्नाचा मार्ग आधीच बंद करते. 2021 च्या 'मिन्नल मुरली' ह्या मल्याळम चित्रपटाचा नायक खेड्यातील शिंपी आहे. त्याच्यावर आणि खलनायकावर वीज पडते ती एकाच रात्री, आणि तो खलनायकही प्रेमात होरपळलेला, गावाने हिणवलेला माणूस आहे. हॉलिवूडच्या मानाने त्याचा खर्च नगण्य होता. आपले विद्यार्थी तो उपशीर्षके वाचत किंवा हिंदीत पाहतात आणि एकमुखाने वाखाणतात. म्हणजे अडचण पैशाची नसावी.

'बाजी'ची अडचण निराळी आहे. त्यातील श्रीरंगपूर हे गाव आणि बाजीची दंतकथा, दोन्ही चित्रपटासाठी नव्याने रचलेली आहेत. प्रेक्षकाच्या मनात त्या दंतकथेची पूर्वस्मृती नाही. ती स्मृती चित्रपटालाच घडवावी लागते आणि त्यात बराच वेळ खर्ची पडतो. नायकाचा उत्साह जागा होण्याआधी त्याची आख्यायिका ऐकावी लागते. 2025 च्या 'लोकाः' ह्या मल्याळम चित्रपटाने केरळच्या दंतकथेतील नीली ही यक्षी घेतली. प्रेक्षक तिला आजीच्या गोष्टींतून आधीच ओळखत होता, त्यामुळे पडद्यावर तिची ओळख करून द्यावी लागली नाही. वेताळ, म्हसोबा, सात आसरा, ब्रह्मराक्षस असे आपलेही भांडार रिकामे नाही. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर वाघदेवाच्या कथा सांगणारी माणसे आहेत. हे साहित्य लोकसाहित्याच्या प्रबंधांत बंदिस्त राहिले, पटकथाकाराच्या टेबलावर गेले नाही.

आणखी एक मुद्दा येथे नोंदवणे आवश्यक वाटते. माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल हे व्यवसायाने वकील होते. 1942 च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला. दस्त्यातील माणसे रात्री विजेचे मनोरे पाडीत. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दिवसाची प्रतिष्ठा आणि रात्रीचे भूमिगत कार्य, शहराचा वीजपुरवठा तोडणारे मूठभर शेतकरी आणि आदिवासी : सुपरहिरोपटाचे सारे घटक येथे आहेत, फक्त अलौकिक शक्ती नाही. त्यांच्यावरील 'शहीद भाई कोतवाल' हा चित्रपट 2020 च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. ह्याच भागातील विद्यार्थ्यांच्या गप्पांत तो क्वचितच येतो, आणि आला तर 'इतिहासाचा' म्हणून वेगळ्या खान्यात टाकला जातो. गॉथम शहराचा नकाशा तोंडपाठ असलेल्या मुलांना आपल्या तालुक्यातील तो मार्ग माहीत नसतो. त्यांना तो अभ्यासक्रमातील धडा म्हणून भेटला, गोष्ट म्हणून नाही. गोष्ट म्हणून तो त्यांच्यापर्यंत नेण्याचे काम इतिहास आणि मराठी ह्या दोन विभागांनी मिळून करावयाचे आहे, आणि अद्याप त्याला सुरुवात झालेली नाही.